कोर्टाचं पहिलं दार तालुक्यातच

ताईंनो, बैठकीत कोर्टाचं नाव निघालं की कोणीतरी विचारतेच, "नागपूरले जा लागीन का बाई?" नाही. आपलं बहुतेक काम तालुक्याच्या कोर्टातच सुरू होतं, बँक-तहसीलला जातो त्याच गावात.

तिथले न्यायाधीश सहसा दोन कामं करतात. शेत, घर, वाटणी, पैशाचा व्यवहार हे दावे ते दिवाणी न्यायाधीश म्हणून चालवतात. मारहाण, छळ यांचे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून. त्यांच्या वर अमरावतीचं किंवा अकोल्याचं जिल्हा व सत्र न्यायालय. खुनासारखे गंभीर खटले तिथं चालतात, तालुक्याच्या निकालावरचं अपीलही बहुधा तिथंच. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आणि शेवटी दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. आपल्या अमरावतीचे भूषण गवई नागपूर खंडपीठात वकिली करायचे. १४ मे २०२५ ला ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

आता समजा, सासर मूर्तिजापूरचं, माहेर दर्यापूरचं. मारझोड झाली म्हणून लेकरं घेऊन बाई माहेरी आली. जिल्हा बदलला, अर्ज कुठं करायचा? लोक सांगतात, "जिथं घडलं तिथंच जाय." पण कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात तशी सक्ती नाही. ती सध्या जिथं राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं म्हणजे दर्यापुरातही अर्ज करता येतो. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, हे आपण पाहतोच. म्हणून निकाल लागेपर्यंतच्या खर्चासाठी अंतरिम आदेश अर्जासोबतच मागून घ्या.

शेतीच्या हिश्श्यात मात्र बऱ्याच बाया चुकीच्या दारात वर्षं घालवतात. तलाठी, तहसीलदार, एसडीओ हे फेरफाराची नोंद पाहतात. वडिलांच्या शेतात लेकीचा हिस्सा किती, हे तहसीलमध्ये ठरत नाही. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही एवढ्यानं हक्क बुडतही नाही. भाऊ हिस्सा नाकारत असेल तर वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात टाकावा लागतो. आणि "फक्त सही कर" म्हणून पुढं केलेलं हक्कसोडपत्र वाचल्याशिवाय हातात पेन घेऊ नका, मग मागणारा सख्खा भाऊ का असेना.

वकिलाला पैसे कुठून आणू, हा पुढचा प्रश्न. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही, पिवळं कार्ड लागत नाही. तालुका विधी सेवा समितीकडं साधा अर्ज द्या, नाहीतर १५१०० वर फोन करा.

निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. जिल्हा कोर्टात अपिलाला सहसा ३० दिवसच असतात. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत, पण अर्जच उशिरा दिला तर ते दिवस आपले गेले.

थकलेल्या कर्जापायी लोकअदालतीची नोटीस आली की गटात रडारड होते. ती अटकेची नोटीस नसते, तडजोडीचं बोलावणं असतं. जा, हप्ते पाडून मागा, व्याजात सूट मागा. पटलं नाही तर सही करू नका, कोणी जबरदस्ती करू शकत नाही. सही झाली की मात्र तो कोर्टाचाच निकाल, आणि त्यावर अपील नाही. तेव्हा किती रक्कम, कोणत्या तारखेला, हे सहीच्या आधी मोठ्यानं वाचून घ्या.