दात काढायचाय म्हणून गोळी बंद करू नका

“डॉक्टर, दात काढायचा म्हणून चार दिवस झाले, रक्त पातळ व्हायची गोळी बंद ठेवलीय.” रुग्ण हे मोठ्या विश्वासाने सांगतात. आपण डॉक्टरांचं काम सोपं केलं, असंच त्यांना वाटत असतं. मी मात्र आधी विचारते, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट कधी बसवला? वर्ष झालं नसेल तर दात बाजूला ठेवून हृदयविकारतज्ज्ञांना फोन लावावा लागतो.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना दात काढला, तर रक्त थोडा जास्त वेळ येतं. पण ते डोळ्यांसमोर असतं. गॉज दाबून, टाका घालून, लागलं तर जखमेत औषध भरून ते थांबवता येतं. स्टेंटमध्ये झालेली गुठळी दिसत नाही आणि दाबून थांबतही नाही. शिवाय ॲस्पिरिनचा परिणाम ७ ते १० दिवस रेंगाळतो, चार दिवसांत तो पुरता जात नाही. म्हणजे फायदा अर्धामुर्धा आणि धोका जिवाचा. गोळी थांबवायची की नाही, हे ती लिहून देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचं. घरी कुणीही नाही.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेले बरेच रुग्ण रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन किंवा ॲसिनोकूमरॉल घेतात. त्यांनी दात काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून रिपोर्ट बरोबर आणावा. तो ३.५ च्या आत असेल तर साधा दात सहसा गोळी न थांबवता काढता येतो. झडप बसवलेल्या रुग्णांना दाताच्या कामाआधी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एक डोस घ्यावा लागतो, कारण हिरडीतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर घर करू शकतात. नुसता स्टेंट किंवा बायपास असेल तर त्याची गरज नसते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. दाढ ठणकली म्हणून मेडिकलमधून परस्पर मेट्रोनिडॅझोल आणून खाऊ नका. वॉरफेरिनबरोबर ते घेतलं की आयएनआर झपाट्याने वाढतो आणि मग रक्त हिरडीतूनच येईल असं नाही, मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरी काळजी उपवासाची. दात काढणं म्हणजे ऑपरेशन, म्हणून काही जण सकाळपासून उपाशी येतात. काहींची त्या दिवशी संकष्टी असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र वेळेवर घेतलेलं असतं! जागा बधिर करून दात काढायला उपाशी राहावं लागत नाही. उलट नाश्ता करून, नेहमीची औषधं घेऊन, सकाळच्या वेळी या. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस चिडचिड करतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. बघणाऱ्याला वाटतं, दाताच्या भीतीने घाबरलाय. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. तिथे शिरेतून ग्लुकोजच हवं.

खुर्चीत सर्वांत जास्त वेळा घडते ती भोवळ. आम्ही खुर्ची आडवी करून पाय वर उचलतो, मिनिट-दोन मिनिटांत माणूस सावध होतो. नातेवाईक प्रेमापोटी त्याला उठवून बसवायला धावतात, तेवढं टाळा. गरोदर बाईला मात्र डाव्या कुशीवर वळवायचं, कारण उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. फिट आली तर कांदा हुंगवणं नको, दातांत चमचा नको. तोंडातली उपकरणं काढून घ्यायची, कुशीवर वळवायचं आणि ५ मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ ला फोन.

छातीत दुखू लागलं तर काम तिथेच थांबतं. अशा वेळी जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी द्यायची असते. पण रुग्णाने आदल्या दिवशी लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलची गोळी घेतली असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. टाडालाफिलचा परिणाम तर दोन दिवस राहतो. पुरुष हे बायकोसमोर सांगत नाहीत. मग कागदावर लिहून द्या, आम्हाला एकांतात सांगा, पण सांगा.

रोज घेत नाही ते औषधच नव्हे, असा एक समज आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी डेनोसुमॅब घेणाऱ्या आजी “काही औषध चालू नाही” असं सांगतात, आणि ते खोटं नसतं. पण या इंजेक्शनांनंतर दात काढला, तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून महिनोन्महिने भरत नाही. हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठी ती मोठ्या डोसमध्ये दिली जातात, तेव्हा हा धोका कितीतरी वाढतो. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याला रेडिएशन दिलं असेल, तर दहा वर्षांनीही ते सांगायला हवं. आपल्याकडे तंबाखूमुळे असे रुग्ण थोडे नाहीत. असे उपचार ठरले असतील तर खराब दातांचा निकाल आधीच लावून घ्यावा.

“मला इंजेक्शनची ॲलर्जी आहे” एवढंच सांगू नका. धडधडलं होतं, भोवळ आली होती, की अंगावर गांधी उठून श्वास अडकला होता? पहिल्या दोहोंचं कारण बहुधा वेगळं असतं, तिसऱ्यात जिवाला धोका असतो.

आणि तुम्हीही विचारा. रक्तदाब मोजायचं यंत्र, ऑक्सिजन आणि ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दवाखान्यात आहे का? या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही. रक्तदाब १८० / ११० च्या वर असताना त्याने काम पुढे ढकललं, तर त्याच्यावर नाराज होऊ नका.

दात काढून घरी गेल्यावर गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. त्या दिवशी चूळ भरू नका, सारखं थुंकू नका. रक्त परत आलं तर स्वच्छ सुती कापडाची घडी वीस मिनिटं दाबून धरा. तरीही थांबलं नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. जाताना गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.