गोठ्यात झाडपाला टांगताना घ्यावयाची काळजी

शेळीला जमिनीवर टाकलेला चारा आवडत नाही, हे आपणांस सांगावयास नको. मान वर करून, प्रसंगी मागच्या पायांवर उभे राहून पाला ओरबाडणे हा तिचा जातिस्वभाव आहे. खाली टाकलेल्या पाल्यावर लेंड्या व मूत्र पडले की ती त्याला तोंड लावीत नाही. भुकेपोटी लावलेच, तर जंत व रक्ती हगवणीचा प्रादुर्भाव वाढतो. म्हणून बंदिस्त शेळीपालनात शेवरी, सुबाभूळ, हादगा, अंजन, बोर, उंबर यांच्या डहाळ्या टांगून द्याव्यात, अशी शिफारस आम्ही मंडळी नेहमी करतो.

ही शिफारस मीही एका गावातील शिबिरात केली होती. पुढे काही महिन्यांनी त्याच गावी जाणे झाले, तेव्हा एका शेतकऱ्याने गोठ्यात नेऊन रिकामा दोर दाखविला. नायलॉनच्या दोराने त्याने शेवरीची मोळी बांधली होती. दुपारपर्यंत पाला सुकला, मोळी आकसली, बांध सैल झाला. वरचा पाला खाण्यासाठी उभ्या राहिलेल्या शेळीची मान त्या फासात गेली. संध्याकाळी शेतातून माणसे परत आली तेव्हा उशीर झाला होता. शेळी सहा-सात आठवड्यांची गाभण होती. "साहेब, टांगा म्हणालात, पण कसं बांधायचं ते सांगितलं नाही," एवढेच तो म्हणाला. ते खरेच होते.

प्रथम वाशाचा विचार करू. उस्मानाबादी जातीच्या पूर्ण वाढलेल्या शेळीचे वजन सर्वसाधारणपणे 30 ते 35 किलो असते. एका जुडीला तीन शेळ्या एकदम झोंबल्या, त्यातील एकीने पुढचे पाय टेकवले, तर वाशावर चांगलाच भार येतो आणि तोही हिसक्यांनी. म्हणून आडवा वासा मनगटाहून जाड व किडका नसलेला घ्यावा. तो छपराच्या पत्र्याखालील पट्ट्यांना न बांधता जमिनीत दीड-दोन फूट गाडलेल्या मेढींवर, म्हणजे बेचके असलेल्या खांबांवर, ठेवावा आणि दोन्ही टोकांना दोराने आवळावा. नुसता खिळा ठोकून भागत नाही. रोजच्या हलण्याने खिळ्याचे भोक मोठे होते. वासा बसविल्यावर दोन गड्यांनी त्याला एकदम लोंबकळून पाहावे. करकरला, तर त्याच दिवशी बदलावा.

वाशाची उंची जमिनीपासून सहा फूट असावी. मागच्या पायांवर उभी राहिलेली शेळी साधारण पाच फुटांपर्यंत तोंड पोहोचविते. याचा अर्थ गाठ, आकडा, दोराचे टोक हे सर्व तिच्या तोंडाच्या व शिंगांच्या वर राहावयास हवे. मोठा बोकड असल्यास वासा आणखी अर्धा फूट वर घ्यावा. डहाळी साडेतीन फूट लांबीची तोडली की तिचा शेंडा अडीच फुटांवर, म्हणजे उभ्या शेळीच्या तोंडाशी येतो. पुष्कळ ठिकाणी वासा चार फुटांवर दिसतो, कारण माणसाला बांधावयास तेवढी उंची सोयीची पडते. पण अपघात तेथेच होतात.

बांधण्याची रीत. वासा जितका भक्कम हवा, तितकी जुडीची बांधणी कच्ची हवी. हे ऐकून नवल वाटेल, पण शेळी कोठे अडकलीच तर तिच्या भाराने बंध तुटून जुडी खाली आली पाहिजे. म्हणून नायलॉनचा दोर, खताच्या पोत्याच्या प्लास्टिकच्या दशा आणि बांधकामाची तार या तीन वस्तू कटाक्षाने टाळाव्यात. नायलॉन तुटत नाही. शिवाय शेळ्या तो चघळतात व त्याचे तुकडे पोटात साचून राहतात. तारेचा तुकडा पाल्याबरोबर पोटात गेला तर आतून टोचण्याचा धोका असतो. शेळीपेक्षा गाई-म्हशींत हा प्रकार अधिक, पण गोठा बहुधा एकच असतो. साधी तागाची एकपदरी सुतळी वापरावी. दोन्ही हातांनी जोराचा हिसका दिल्यावर तुटते, तीच योग्य. तुटणार म्हणून दुपदरी करू नये. सुतळी रोज एखादी वाया गेली तरी चालेल.

सुतळी पाल्यावरून बांधू नये. पाला सुकला की आकसतो आणि सकाळी घट्ट असलेली गाठ दुपारी फास होते. बुडख्याकडील एक फूट पाला काढून टाकावा व तेथे, कठीण लाकडावर, दोन वेढे देऊन गाठ मारावी. सरकती गाठ मुळीच मारू नये. सुतळीचे उरलेले टोक बोटभर ठेवून बाकी कापावे. वासा व जुडी यांमध्ये हात जाईल एवढी फट राहू नये. जुडीही मनगटाएवढीच करावी.

सुतळीवाचून चालणारी एक युक्तीही आहे. फांदी तोडताना बुडख्याजवळचा जाड फाटा मुळापासून न छाटता वीतभर ठेवावा. फांदी उलटी, म्हणजे बुडखा वर करून धरली की हा फाटा खाली झुकलेला दिसतो. तीच आकडी झाली. ती वाशावर अडकवावी. आंब्याची आकडी आपण अशीच करतो. शेळ्या खाली ओढतात तसतशी ती अधिक घट्ट बसते. शेवरीसारख्या ठिसूळ लाकडाला ही रीत चालत नाही, फाटा सोलून निघतो. बोर व अंजन यांना उत्तम.

खालच्या भागातील बेचकी मात्र सर्व मोडावीत. शेळी पुढचा पाय टेकविते, तो बेचक्यात जातो आणि उतरताना अडकतो. पाय मोडल्याची उदाहरणे आहेत. दोन फाट्यांपैकी एक अगदी मुळाशी छाटावा. कोयत्याने तिरपा घाव घालून टोकदार खुंट ठेवणे हे तितकेच वाईट, कारण तो नेमका डोळ्याच्या पातळीवर येतो. बाभूळ व बोरीचे जून, काटेरी फाटे त्याच कारणाने वगळावेत.

पाल्याविषयी थोडक्यात. सुबाभळीत मायमोसिन हे अपायकारक द्रव्य असते, त्यामुळे एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक ती देऊ नये. गिरिपुष्पाचा वास शेळ्यांना सुरुवातीस रुचत नाही, तो थोडा सुकवून द्यावा. कण्हेर, घाणेरी व बेशरम यांची डहाळी चुकूनही जुडीत येता कामा नये. मजुराकडून पाला तोडवून घेत असाल तर बांधण्यापूर्वी स्वतः एकदा चाळून पाहा. लगतच्या बागेत फवारणी झाली असल्यास बांधावरील झाडाचा पाला तूर्त तोडू नये.

दोन जुड्यांत तीन-चार फुटांचे अंतर ठेवावे, म्हणजे शिंगाळ शेळ्या गरीब शेळ्यांना हुसकावीत नाहीत. गाभण शेळ्यांना शेवटच्या दीड महिन्यात उभे राहून खाण्याची पाळी येऊ नये. त्यांना वेगळ्या कप्प्यात, गव्हाणीत पाला द्यावा. करडांना मोठ्यांच्या जुडीखाली सोडू नये. त्यांच्यासाठी कोवळे शेंडे कप्प्याच्या कुडात फटीतून खोवून ठेवले तरी पुरे, तेथे दोराची गरजच नाही.

पाला संपल्यावर उरलेल्या काड्या तशाच लोंबत ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. पोट भरलेली शेळी त्यांना अंग घासते, करडे झोंबतात, आणि बहुतेक वेळा अशा वेळी गोठ्यात माणूस नसतो. सकाळच्या जुड्या दुपारी शेतावर जाण्यापूर्वी व संध्याकाळच्या जुड्या निजण्यापूर्वी उतरवाव्यात. काड्या चुलीला जातील, आणि सुतळी गोळा करून शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा ठिकाणी, गोठ्याबाहेर टाकावी.