मूत्रपिंडदाह : मुलांच्या आजारात व आजारानंतर

पावसाळा सरत आला म्हणजे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर मुलांच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज आणि पायांवर पिकलेल्या पुळ्या दिसू लागतात. शिक्षकास त्याचे नावीन्य वाटत नाही. परंतु त्या पुळ्यांत स्ट्रेप्टोकोकस जातीचे काही विशिष्ट जंतू असले, तर सुमारे तीन आठवड्यांनी, जखम सुकून विसरली गेल्यावर, दुखणे भलत्याच ठिकाणी, म्हणजे मूत्रपिंडांत, उद्भवू शकते. घसा सुजून आलेल्या तापानंतर हाच अवधी एक ते दोन आठवड्यांचा असतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. जंतू स्वतः तेथे ठाण मांडीत नाहीत. त्यांच्याशी झुंजताना शरीराने निर्माण केलेली द्रव्ये या गाळण्यांत अडकतात व त्या सुजतात. रक्त गाळण्याचे काम मंदावते, मीठ व पाणी शरीरात साचते, रक्तदाब चढतो. गाळणीस इजा झाल्याने तांबड्या पेशी व प्रथिने लघवीत उतरतात. म्हणून सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी थोडी व कोऱ्या चहाच्या रंगाची, ही लक्षणे. सूज, लघवीतील प्रथिन व मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध लंडनच्या रिचर्ड ब्राइट या वैद्याने १८२७ साली दाखविला.

लघवी होत नाही म्हणून मुलास तांब्यावर तांब्या पाणी पाजण्याची समजूत येथे घातक ठरते. आधीच साचलेल्या पाण्यात ती भर होय. पाणी किती द्यावे हे डॉक्टरांनी ठरवावे. लोणचे, पापड व वरचे मीठ बंद करावे. डोके फार दुखणे, धाप लागणे किंवा झटके येणे यांपैकी काहीही दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही आहेत. त्या विकारातही लघवी तांबडी होऊ शकते, तेव्हा निदान वर्गात करू नये.

बहुतेक मुलांची लघवी आठवड्याभरात वाढते, सूज उतरते व पुढील काही आठवड्यांत रंग निवळतो. रक्तातील घटलेले एक संरक्षक प्रथिन सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे रक्त कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ, टिकते. बहुसंख्य मुले पूर्ण बरी होतात. पण थोड्यांत प्रथिन जाणे किंवा चढा रक्तदाब मागे राहतो व मूत्रपिंड हळूहळू निकामी होण्याचा संभव असतो. मूल खेळू लागले की पालक फेरतपासणीस जात नाहीत, हीच अडचण. शिक्षकाने आजाराची तारीख नोंदवून ठेवावी आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा ते मूल आवर्जून दाखवावे.

खरजेचे औषध एकट्या मुलास लावून भागत नाही. घरातील किंवा आश्रमशाळेच्या खोलीतील सर्वांनी ते एकाच दिवशी लावावे व अंथरुणे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावी.