जुन्या मोटारीस नवे दिवे व विद्युत्-साधनें जोडण्याची रीत

आपल्या जालना जिल्ह्यांत पुष्कळ कास्तकारांच्या दारीं एखादी जुनी जीप किंवा मारुती ८०० उभी असते. मारुती ८०० ही गाडी १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम ग्राहकांच्या हातीं आली व २०१४ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. तेव्हां आज जी चालते ती दहा वर्षांहून जुनी असणारच. अशा गाडीचें इंजिन पुष्कळदां शाबूत असतें, परंतु दिवे मंद पडलेले असतात. उसाच्या हंगामांत अंबड-घनसावंगीकडील रस्त्यांवर मागें दिवा नसलेल्या बैलगाड्या व ट्रॉल्या रात्रीं भेटतात. तेथें मंद दिव्यानें मोटार हांकणें म्हणजे आपल्या व गाडीवानाच्याहि जिवाशीं खेळणें होय. म्हणून मालक बाजारांतून मोठे दिवे आणतो. त्यासोबत भोंगा, गाण्याचें यंत्र, मोबाइल चार्ज करण्याचें साधन हींहि येतात, आणि सर्व घरींच जोडलीं जातात. घरीं जोडण्यास आमची हरकत नाहीं. मात्र आधीं हिशेब मांडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

प्रवाहाचा हिशेब.— आम्हीं सारी नोकरी महसुली दप्तरांत काढली. जमा पाहिल्यावांचून खर्च घालूं नये, ही तेथील शिकवण येथेंहि लागू पडते. अल्टरनेटर ही जमा, दिवे व इतर साधनें हा खर्च, आणि बॅटरी ही शिल्लक होय. साधनावर लिहिलेल्या वॅटांस १२ नें भागिलें म्हणजे तें किती अँपिअर ओढतें हें कळतें. साठ वॅटांचे दोन दिवे मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर झाले. सर्व साधनांची अशी बेरीज करावी. ती अल्टरनेटरवर कोरलेल्या आंकड्याच्या फार जवळ जात असेल तर एखादें साधन कमी करावें.

दिवा मंद कां?— दिवा मंद दिसला कीं मोठा बल्ब आणावा, असा सर्वत्र समज आहे. वास्तविक दोष बहुधा तारेंत व जोडांत असतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पांच मीटर तारेंतून १० अँपिअर गेले, तर वाटेंतच सुमारें पाऊण व्होल्टाहून अधिक दाब खर्ची पडतो आणि हॅलोजन दिव्याचा उजेड जवळजवळ पंचमांशानें घटतो. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतल्यास हानि सुमारें तृतीयांश व्होल्टावर येते. शंभर वॅटांचा बल्ब जुन्या बारीक तारेवर लाविला तर ती अधिक तापते व उजेड अपेक्षेइतका वाढत नाहीं. प्रथम तार जाड करावी आणि अर्थची तार जेथें गाडीच्या पत्र्यास जोडलेली असते तेथील गंज खरडून काढावा. हॅलोजनच्या जागीं एलईडी बल्ब बसविल्यास प्रवाह कमी लागतो हें खरें. परंतु जुना परावर्तक त्यासाठीं घडविलेला नसल्यानें प्रकाश विखुरतो व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

रिले.— कांहीं जुन्या गाड्यांत दिव्यांचा सर्व प्रवाह बटनांतूनच जातो व बटन जळतें. रिले लाविला म्हणजे बटनांतून केवळ इशाऱ्यापुरता प्रवाह जातो आणि दिव्याचा प्रवाह बॅटरीकडून थेट येतो. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास बॅटरीची तार, ८७ स दिव्याची, आणि ८५ व ८६ यांपैकीं एकास बटनाची व दुसऱ्यास अर्थची तार जोडावी. जवळच्या व लांबच्या उजेडासाठीं निरनिराळे रिले घ्यावे.

फ्यूज.— फ्यूज हा साधनाचा नव्हे, तर तारेचा राखणदार आहे. पत्र्यावर घासून किंवा उंदरानें कुरतडून तार उघडी पडली व पत्र्यास टेकली, तर बॅटरी शेंकडों अँपिअर सोडूं शकते. तार लाल होऊन गाडी पेट घेते. म्हणून प्रत्येक नव्या तारेस स्वतंत्र फ्यूज, तोहि बॅटरीपासून वीतभर अंतरांतच बसवावा. वरील १० अँपिअरच्या दिव्यांस अडीच चौरस मिलिमीटरची तार व १५ अँपिअरचा फ्यूज योग्य होय. फ्यूज उडाल्यास कारण शोधावें. त्या जागीं तार किंवा चकाकता कागद गुंडाळूं नये.

कामाचा क्रम.— प्रथम बॅटरीचें ऋण टोक सोडावें व शेवटीं तेंच जोडावें. म्हणजे पाना पत्र्यास लागला तरी ठिणगी पडत नाहीं. बॅटरींतून पेट घेणारा वायु निघतो, यास्तव जवळ विडी ओढूं नये. पत्र्याच्या भोकांतून तार नेतांना रबरी कडें घालावें. जोड नुसते पिळून पट्टी लावूं नये. थिंबल दाबून किंवा डाग देऊन पक्के करावे. ज्या गाडींत एअरबॅग आहे तिच्या पिवळ्या वेष्टनाच्या तारांस हात लावूं नये.

उभ्या गाडीची गळती.— पेरणीच्या दिवसांत गाडी आठवडेंच्या आठवडे जागेवर असते. एखादें साधन रात्रंदिवस ५० मिलिअँपिअर ओढीत राहिलें, तर दिवसास १.२ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यांत अर्धी रिकामी होते. तरी असें साधन चावीनें बंद होणाऱ्या तारेवरच जोडावें.

कायदा.— १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल करण्यास मना करतें. आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ११९ वा नियम अनेक सुरांच्या भोंग्यास मनाई करतो. मूळ शक्तीच्या बल्बास पुरा दाब पोंचविल्यानें यांपैकीं कशाचाहि भंग होत नाहीं.

काम संपल्यावर इंजिन चालू ठेवून व दिवे लावून मल्टिमीटरनें बॅटरीशीं आणि दिव्याच्या टोकांशीं दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर आढळल्यास कोठें तरी जोड कच्चा आहे असें समजावें, आणि तो सांपडेपर्यंत नवा दिवा विकत घेऊं नये.