चैत्रगौरीचं हळदीकुंकू, गार घरात

प्रश्न : आमची बैठकीची खोली पश्चिमेला आहे. हळदीकुंकवाला वीसेक जणी येतील. एसी नाही, खोली गार कशी ठेवू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुण्याची कोरडी हवा तुमच्या बाजूने आहे. खिडकीला वाळ्याचा पडदा लावा आणि दुपारपासून अधूनमधून त्यावर पाणी शिंपडा. पाण्याची वाफ होताना आत येणारी झुळूक गार आणि सुगंधी होते. समोरची खिडकी मात्र उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होईल. बोलावणं ऊन उतरल्यावरचं द्या. गौरीपुढे मोगरा आणि कलिंगडाची कमळं मांडा. पन्ह्यासाठी कैऱ्या आदल्या रात्रीच उकडा. गराला दुप्पट गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ लावून ठेवा आणि माठातलं पाणी ऐनवेळी मिसळा. आंब्याची डाळ जरा भरडच वाटा. पहिल्या घोटालाच येणाऱ्या सुखावतील.