वर्गातील निवडुंग आणि हवेतील दमटपणा

(परिसर अभ्यास : इयत्ता ४ थी व ५ वी)

धाराशिव जिल्हा सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या आसपास जातो व माळावरील गवत करपून जाते. परंतु बांधावरचा फड्या निवडुंग हिरवाच राहतो. म्हणून वर्गाच्या खिडकीत कुंडी ठेवावयाची झाल्यास पुष्कळ शिक्षक निवडुंगच निवडतात. उन्हाळ्याची सुटी हे रोप बहुधा निभावून नेते. ते दगावते ते श्रावणात, आणि तेही मुलांनी मायेने रोज पाणी घातल्यामुळे. उन्हाळ्यात तगलेले रोप पावसाळ्यात का मरावे, हा या पाठाचा विषय होय.

उद्देश : हवेतील बाष्पाचा वाळण्याच्या क्रियेशी असलेला संबंध मुलांस समजावा, आणि रोपाची निगा राखताना दिवस मोजण्याऐवजी परीक्षा करून निर्णय घेण्याची सवय त्यांस लागावी.

पूर्वज्ञान : शिक्षकांनी प्रथम माठाविषयी प्रश्न विचारावेत. चैत्रात माठातील पाणी गार असते. श्रावणात ते तसे गार का होत नाही? माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व त्याची वाफ होताना आतील पाण्याची उष्णता निघून जाते. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प भरपूर असल्याने ही वाफ सावकाश होते. मातीची कुंडी ही माठाचीच बहीण. जी हवा माठ गार होऊ देत नाही, ती कुंडीही लवकर वाळू देत नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

विषयविवेचन : फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातील. त्याचे मांसल खोड पाणी साठविते, त्यावरील मेणचट आवरण पाणी उडू देत नाही, आणि पानांचे कार्य हिरवे खोडच करते. बहुतेक झाडांची रंध्रे दिवसा उघडतात; निवडुंगाची रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतात. अशी काटकसर करणारे रोप कोरड्या हवेस भीत नाही. म्हणून उन्हाळ्यात त्यावर पाणी शिंपडण्याचे कारण नाही.

पावसाळ्यात मात्र रोप पाणी थोडे पिते आणि कुंडीही वाळत नाही. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते, मुळांस श्वसनासाठी हवा मिळत नाही, बुरशी वाढते आणि मुळे कुजतात. केवळ दमट हवेने रोप मरत नाही. दमट व कोंडलेली हवा आणि ओली माती यांची गाठ पडली की ते मरते.

बंद वर्गात हे अधिक घडते. एक घनमीटर हवेत ३० अंश तापमानास सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांस सुमारे १७ ग्रॅमच मावते. दुपारी हवेत १५ ग्रॅम बाष्प असेल, तर ती निम्मी भरलेली असते. तीच हवा रात्री २० अंशांपर्यंत निवली, तर ती जवळजवळ काठोकाठ भरते. त्यात मुलांच्या श्वासातील व ओल्या छत्र्यांतील बाष्पाची भर पडते.

प्रयोग : सारख्या आकाराच्या दोन मातीच्या कुंड्यांत सारखी माती भरावी, त्यांत रोप नसावे. दोहोंत सारखेच पाणी घालावे. एक उघड्या खिडकीत व दुसरी बंद कपाटात ठेवावी. आठ दिवस रोज वजन करून आकडे फळ्यावर लिहावेत. कोणती कुंडी लवकर हलकी होते व का, याचे उत्तर मुलांनी आकड्यांवरून द्यावे.

निगा : काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून नुसती काळी माती वापरू नये. माती, भरड वाळू व विटांचे बारीक तुकडे समभाग घ्यावेत. कुंडीच्या बुडास छिद्र असावे व खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. कुंडी माठापासून व ओल आलेल्या भिंतीपासून दूर, उजेडाच्या खिडकीत असावी. पाऊस आत येत नसेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. पाणी घालण्यापूर्वी एक कोरडी काडी मातीत खोल खुपसावी. काडीस ओली माती चिकटली, तर पाणी घालू नये, मग शेवटचे पाणी घालून कितीही दिवस झालेले असोत.

रोपाची चिन्हेही ओळखावीत. खोडास सुरकुत्या पडल्या व माती कोरडी असली, तर रोप तहानलेले आहे. ते पाण्याने सावरते. बूड पिवळसर, मऊ झाले व दुर्गंधी येऊ लागली, तर ते कुजत आहे. तेथे पाणी म्हणजे विष होय. अशा वेळी शिक्षकांनी वरचा निरोगी भाग स्वच्छ सुरीने कापावा, काप सावलीत आठ-दहा दिवस सुकू द्यावा आणि मग तो कोरड्या वाळूत लावावा. पुष्कळदा त्यास नवी मुळे फुटतात.

सूचना : फड्या निवडुंगाची बारीक कुसळे बोटांत रुततात, मुलांनी त्यास हात लावू नये. त्रिधारी निवडुंग निराळ्या कुळातील असून त्याचा पांढरा चीक डोळ्यांस अपायकारक आहे. तो वर्गात आणू नये.

स्वाध्याय :
१. पावसाळ्यात ओले कपडे घरात लवकर का वाळत नाहीत?
२. सुरकुतलेले रोप व मऊ पडलेले रोप यांतील भेद लिहा.
३. वर्गातील कुंडीस या आठवड्यात पाणी हवे की नको? परीक्षा करून कारणासह सांगा.