ठिणगीस मज्जाव

आमच्या वऱ्हाडांत कापसाच्या राशीजवळ विडी ओढूं नये, हें लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील जिनांत रेच्यांतून निघणारी रुई व गासड्यांच्या थप्प्या ज्यानें पाहिल्या आहेत, त्यास एका ठिणगीचें मोल ठाऊक आहे. अकोल्याजवळ गायगांव येथें तर पेट्रोल व डिझेल यांचे मोठे सांठे आहेत. अशा ठिकाणीं हल्लीं रात्रंदिवस पहारा करण्याचें काम कॅमेऱ्याकडे सोंपविलेलें असतें. हा पहारेकरी कधीं झोंपत नाहीं, हें खरें. परंतु तो जगतो विजेवर, आणि वीज म्हटली कीं ठिणगीचें भय आलेंच. मग ज्या जागीं ठिणगीस मज्जाव, त्या जागीं वीज न्यावयाची कशी? याचाच विचार आज आपण करूं.

आग लागण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: जळणारा पदार्थ, हवा आणि पेटविणारी ठिणगी अथवा उष्णता. पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें १.४ ते ७.६ या प्रमाणांत मिसळली म्हणजे तें मिश्रण स्फोटक होतें. त्याहून कमी असल्यास तें पेटत नाहीं. त्याहून अधिक असल्यास त्यास पुरेशी हवा मिळत नाहीं. शून्याखालीं सुमारें ४० अंश सेंटिग्रेड इतक्या थंडींतही पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतें. मग अकोल्याच्या उन्हाळ्याची गोष्ट काय सांगावी! शिवाय ही वाफ हवेहून जड असल्यामुळें वर न जातां जमिनीसरशी पसरते आणि नाल्यांत, खड्ड्यांत व तारांच्या चरांत सांचून राहते.

या ज्ञानासाठीं मनुष्यास फार मोठी किंमत द्यावी लागली. इंग्लंडांतील फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत १८१२ सालीं स्फोट होऊन ९२ जण दगावले. पुढें १८१५ सालीं सर हंफ्रे डेव्ही यांनीं दिव्याच्या ज्योतीभोंवतीं बारीक तारेची जाळी बसविली. जाळीच्या छिद्रांतून जातांना ज्वाला निवते, म्हणून बाहेरचा वायु पेटत नाहीं, हें त्यांनीं दाखविलें. वेल्समधील सेंगेनिड येथें १९१३ सालीं ४३९ खाणकामगार मृत्युमुखीं पडले. तेथें खुणेच्या विजेच्या घंटीच्या तारांतून उडालेल्या ठिणगीचा संशय घेण्यांत आला. बॅटरीची क्षीण वीज काय करणार, अशी तोंपर्यंत लोकांची समजूत होती; ती या दुर्घटनेनें हादरली.

आपल्या देशांतील उदाहरण अधिक जवळचें आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजीं जयपूरनजीक सीतापुरा येथील तेलाच्या कोठारांत पेट्रोल बाहेर पडून त्याच्या वाफेचा ढग पसरला व पेटला. ११ माणसें प्राणांस मुकलीं. चौकशी समितीनें पेटण्याचीं दोन संभाव्य कारणें सांगितलीं: एक, कचेरींतील ज्वालारोधक नसलेलें विजेचें उपकरण, दुसरें, वाहन सुरू करतांना उडालेली ठिणगी. त्याच समितीनें टांक्यांच्या परिसरावर कॅमेऱ्यांची नजर असावी, अशीही शिफारस केली. म्हणजे कॅमेरा तर हवा, परंतु त्याच्या विजेनें घात होतां कामा नये, असा दुहेरी धडा येथें मिळतो.

तो साधण्यासाठीं प्रथम जागेची वर्गवारी करितात. जेथें स्फोटक वाफ नेहमीं असते तो प्रदेश ‘शून्य’, जेथें ती कामकाज चालू असतां येण्याचा संभव असतो तो ‘एक’, आणि जेथें ती क्वचित् व अल्पकाळ येते तो ‘दोन’. शक्य असेल तर कॅमेरा या प्रदेशांच्या बाहेरच बसवून दुरून पाहावें, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. तसें न साधल्यास त्या प्रदेशास योग्य असेंच उपकरण घ्यावें लागतें. पेट्रोलियमच्या कामांत अशा उपकरणांस मान्यता देणाऱ्या केंद्रीय सुरक्षा संघटनेचें मुख्य कार्यालय आपल्या शेजारीं नागपुरासच आहे.

ज्वालारोधक कॅमेऱ्याची पेटी भक्कम धातूची असते. तिच्यांत वाफ शिरणारच नाहीं, असें मात्र नव्हे. आंत स्फोट झाला तरी पेटी फुटत नाहीं, आणि झांकणाच्या अरुंद व लांब फटींतून बाहेर येतां येतां ज्वाला निवते. डेव्हीच्या जाळीचेंच हें भावंड होय. पेटीचा बाह्य भाग किती तापेल यासही मर्यादा असते: ‘टी-४’ वर्गांत १३५ अंश, ‘टी-६’ वर्गांत ८५ अंश.

परंतु पेटी चांगली असून तारा वाईट असतील तर सर्व व्यर्थ. म्हणून केबल पोलादी तारांचें चिलखत असलेली घेतात. ती पेटींत शिरते तेथें मान्यताप्राप्त ज्वालारोधक ग्लँड घट्ट बसवितात आणि न वापरलेलें प्रत्येक भोंक योग्य बुचानें बंद करितात. नळींतून तारा नेल्यास मध्यें सील भरतात, नाहीं तर वाफ नळींतूनच सुरक्षित खोलींत पोंचावयाची. केबलचे चर वाळूनें भरतात, तेंही याच हेतूनें. धातूच्या पेटीस दोन स्वतंत्र ठिकाणीं भूजोडणी देतात, आणि वीज तोडल्यावांचून झांकण कधींही उघडीत नाहींत.

कापसाच्या कारखान्यांत शत्रु निराळा, तरी युक्ति तीच. तेथें रुईचे तंतु उपकरणावर बसून गोधडीसारखे त्याची उष्णता कोंडतात व शेवटीं स्वतःच पेटतात. म्हणून तेथें पेटी धूळ न शिरणारी हवी, आणि तिच्यावरील तंतु वेळोवेळीं झाडले पाहिजेत.

गेल्या हंगामांत आम्ही एका जिनांत गेलों होतों. तेथें एका विजेच्या पेटीचें झांकण चार खिळ्यांऐवजीं सुतळीनें बांधलेलें होतें व आंत रुई शिरलेली होती. विचारतां उत्तर मिळालें, “चालतंय कीं!” हें ‘चालतंय’ ज्या दिवशीं चालत नाहीं, त्या दिवशीं तेथें राबणाऱ्या बायाबापड्यांस पळावयासही वाट मिळत नाहीं. ज्वालारोधक पेटीचा एक बोल्ट कमी झाला तरी ती ज्वालारोधक राहत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां तारा जोडण्याचें काम करील, कोणी कारखाना चालवील. तोंपर्यंत घरीं एवढें तरी पाळा: स्वयंपाकघरांत गॅसचा वास येतांच विजेचें बटण लावूं नका आणि बंदही करूं नका, कारण ठिणगी दोहों वेळीं उडते. दारें-खिडक्या उघडा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, आणि घरांतील सर्वांस बाहेर न्या. पालकांसही आमची विनंति हीच कीं, कारखान्यांत असो वा घरांत, सुटलेला एक बोल्ट दिसल्यास तो त्याच दिवशीं बसवून घ्यावा.